लेकरापरीस मीठ मोठं

कोसमटोला उपकेंद्र
९ जुलै १९८६

ताईस,

जयभीम. खुशाली विचारत नाही. आरोग्य केंद्राची जीप चालवणारे लियाकतभाई तुझी खुशाली मला न विचारता सांगतात.

परवा जीप आली तेव्हा मी धावत बाहेर गेले. वाटलं, जलसंजीवनीची पाकिटं आली. जीपमधून निघाले भिंतीला चिकटवायचे बारा कागद. लाल त्रिकोण, आई-बाप, दोन मुलं, आणि चौघांच्याही पायांत चपला. माझ्याकडच्या सहा गावांत मिळून चपलांचे चार जोड निघणार नाहीत. वर लियाकतभाईंच्या तोंडी तुझा निरोप: "ऑपरेशनच्या दोन केसेस आण म्हणा, मग पाकिटांचा डबा नेशील."

ताई, हा निरोप तुझाच ना? बिचारे लियाकतभाई सांगताना खाली बघत होते.

सहापैकी तीन गावांत हगवण आहे. नाल्याला पूर आहे, लोक झऱ्याचं गढूळ पाणी पितात. विहिरीसाठी दोन वर्षं अर्ज करते आहे. पाकिटांसाठी तीनदा लिहिलं. तू माझ्यावरची आरोग्य सहायिका आहेस, तुझ्या सहीशिवाय गोळी हलत नाही, हे मान्य. पण दोन डबे तुमच्या कपाटात पडून आहेत आणि ते कुटुंबकल्याण मेळाव्यात टेबलावर मांडायला ठेवले आहेत, हेही मला कळलंय. पाहुण्यांना हगवण लागणार आहे का?

भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत भाऊजींच्या क्वार्टरला दोन नळ आहेत. तुझ्या बंटीला दोनदा पातळ झालं तर दवाखान्यात लगेच सलाइन लागतं. लागू दे, माझा भाचाच आहे तो. पण इथल्या लेकराला साधं पाकीट हवं असेल तर दोन बायकांची पोटं फाडून आणायची, हा कुठला न्याय?

पाकिटं नाहीत म्हणून मी गप्प बसले नाही. काल इथले पाटील बुधू यांच्या अंगणात वीस-बावीस बायका गोळा केल्या आणि घरचं मीठ-साखरेचं पाणी करून दाखवलं. साखर कोणाकडेच नाही. गूळ असला तर टाका म्हटलं, नसला तर पेजेत मीठ घालून द्या. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. इथे मीठ बाजारचा व्यापारी चारोळीच्या बदल्यात देतो, दिवसभर रानात फिरून गोळा केलेल्या चारोळीला मापभर मीठ. म्हणून बायका मीठ लपवून ठेवतात आणि आजारी पोराला अळणी पेज पाजतात.

मग माझं टाळकं सरकलं. तुला माहीत आहे मी कशी आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी करणाऱ्यांतली मी नाही, जिथे आग तिथेच ओतते. म्हटलं, "लेकरापरीस मीठ मोठं झालं का तुमाले? पोरगं मरून राह्यलं आन् तुमी मीठ लपवून राह्यल्या? मीठच अवषध होय, कंजुषी करू नका!" सगळ्या खाली माना घालून बसल्या. चाखून दाखवणं वगैरे सोडून दिलं, का ते तू समजून घे. पण भाषण जोरदार झालं. तुमच्या मेळाव्यात असलं एक तरी होईल का?

डबा पाठव.

सत्यशीला

कोसमटोला
१९ जुलै १९८६

ताई,

सोमारीचा मुलगा काल गेला.

सोमारी म्हणजे बुधू पाटलांची सून. तिची आधीची दोन मुलं गेली, म्हणून या तिसऱ्याचं नाव झाडू ठेवलं होतं. देवाला वाटावं हा कचरा आहे, याला कशाला न्यायचं. दीड वर्षाचा होता. एक चार वर्षांची मुलगी तेवढी राहिली आहे.

हगवण मंगळवारी लागली. मी नाल्यापलीकडच्या गावात अडकले होते, पाणी उतरल्यावर शुक्रवारी पोचले. पोरगं "एर, एर" करत होतं. एर म्हणजे पाणी, एवढं गोंडी मला येतं. ओठ सुकलेले, अंग तापलेलं. मग झटके सुरू झाले. चौघांनी खाट उचलली, मी बाजूला चालत होते. सडकेवर जीप मिळेल म्हणून निघालो होतो. जीप कुठे होती सांगू? ऑपरेशनच्या शिबिरातल्या बायकांना घरोघर सोडायला गेली होती. सडक दिसायच्या आतच पोरगं गेलं. खाट खाली ठेवायलाही कोणी तयार होईना, तशीच खांद्यावर घेऊन परत फिरले.

सोमारीने मी सांगितलं तसं सगळं केलं होतं. मीही माझं काम केलं होतं. तीनदा पाकिटं मागितली होती, हे तुझ्या केंद्रात लिहिलेलं आहे. झाडू तुझ्या कपाटात मेला, ताई. एवढंच तुला सांगायचं होतं.

सत्यशीला

कोसमटोला
४ ऑगस्ट १९८६

ताई,

तू आणि डॉक्टरसाहेब येऊन गेलात त्याला अकरा दिवस झाले. मी रोज पत्र लिहायला बसते आणि फाडते. आज फाडणार नाही.

तू आलीस, सोमारीच्या घरात त्या दिवसापासून तसाच पडलेला गडवा उचललास, तळाशी राहिलेलं पाणी बोटाने चाखलंस आणि थुंकलीस. तुझा चेहरा मी पाहिला. तिला विचारलंस, "किती मीठ टाकलं?" तिने मूठ दाखवली. बाजारचं खडेमीठ, भरलेली मूठ. मग तू मोठ्या आवाजात, सगळ्या गावापुढे म्हणालीस, "चिमूटभर टाकाचं असते व! बाईनं सांगतलं ते तू आयकलं नाई. स्वताच्या हातानं मारलं तू लेकराले."

मी तिथेच उभी होते. तुझ्यापासून दोन हातांवर. सोमारीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तो गडवा मी तुझ्याआधीच चाखला होता, शुक्रवारी पोचल्या पोचल्या. त्याच वेळी मला कळलं होतं. पोरगं तहानेने ओरडत होतं आणि आई त्याला तेच पाणी पुन्हा पुन्हा पाजत होती, कारण तेच औषध होतं. घरात आठवडाभराचं मीठ होतं, ते तिने तीन दिवसांत संपवलं. लेकरापरीस मीठ मोठं नाही, हे तिने मला करून दाखवलं.

आणि चाखायचं का सोडून दिलं, तेही लिहून टाकते. प्रशिक्षणात आपल्याला काय शिकवलं होतं? पाणी कालवल्यावर आधी आपण चाखायचं, मग आईला चाखवायचं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. एवढी एक गोष्ट सांगितली असती तर अक्षर न येणारी बाईसुद्धा चुकली नसती. पण त्या अंगणात माझ्या हातचं पाणी कोण पिणार होतं? माझ्या हातची सुई त्यांना चालते, माझ्या हातचं पाणी चालत नाही. वर बसलेल्यांच्या लेखी त्यांना काही किंमत नाही, पण आमच्याहून ते वरचे. पहिल्या वर्षी मी एकीला ग्लास पुढे केला होता तेव्हा ती पदर सावरून मागे सरकली होती. तेव्हा ठरवलं, पुन्हा कोणाला विचारायचं नाही. अपमान नको म्हणून मी चाखणं गाळलं आणि त्या जागी भाषण ठोकलं.

त्यांची शिवाशिव मला नको होती, माझा ताठा त्यांना नडला. कोणाचा राग करू सांग. सगळ्यांचा करते आहे.

तुमच्या केंद्राचा माणूस परवा येऊन कागद वाचून गेला. "माता अडाणी असून आरोग्यसेविकेने दिलेल्या सूचनांचे पालन न करता अतिरिक्त मीठ पाजल्यामुळे बालकाचा मृत्यू." अक्षर तुझं नसलं तरी भाषा तुझी आहे. गावाला मराठी कागदातलं जेवढं कळायचं तेवढं बरोबर कळलं. आईने मारलं. तेव्हापासून सोमारी गावाबाहेर कुरमा घरात आहे. बायका महिन्याचे चार दिवस जिथे बसतात ती झोपडी, पावसात तिला धड भिंतही नाही. मुलीला तिच्याजवळ जाऊ देत नाहीत. आखाडीचा सण झाला की माहेरी धाडू म्हणतात, मुलगी इथेच ठेवून घेऊन. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तो कागद मागे घे.

सत्यशीला

कोसमटोला
१८ ऑगस्ट १९८६

ताई,

तुझं जाड पाकीट मिळालं. आत पत्र आणि सही करायचा जबाब, माझ्या नावाने आधीच लिहून ठेवलेला, त्यातही दोष सोमारीचाच. सहीच्या जागी फुलीसुद्धा करून दिली आहेस. फुली आठवली की नाही? नर्सिंगच्या फॉर्मवर मी नको नको म्हणत होते, तेव्हाही तू अशीच फुली करून दिली होतीस. तेव्हा आईने मला शेणगोठ्यातून सुटली म्हणून मिठी मारली होती. तुझं लग्न तू दोन वर्षं पुढे ढकललंस, माझं शिक्षण पुरं व्हावं म्हणून. हे सगळं तू पत्रात लिहिलं नाहीस, पण ओळीओळीत तेच आहे. मला ते वाचता येतं.

तू लिहितेस, सही कर, ब्रह्मपुरीजवळ बदली करून देते, आईजवळ राहशील. तू लिहितेस, सोमारीचं काय बिघडणार आहे, तिची काही नोकरी जाणार नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिचं घर जातंय, ताई. तिची मुलगी जातेय. नोकरी गेली तरच माणसाचं काही जातं, हे आपल्याला कधीपासून वाटायला लागलं?

आणि सगळ्यात खाली तू खरी गोष्ट लिहिलीस. "आपल्या लोकांच्या पोरी आता कुठे इथवर आल्या. आपण चुकलो की बोट दाखवायला जग टपलेलं आहे. तुझ्या एका कबुलीने तुझ्यामागच्या दहा पोरींची दारं बंद होतील." हे खोटं नाही. डॉक्टरसाहेब चुकले तर डॉक्टरसाहेब चुकले म्हणतात. आपण चुकलो तर आपली जात काढतात. तुझ्या पहिल्या केंद्रात तुझा कप खिडकीत वेगळा ठेवत होते, ते मी विसरलेले नाही. तू तो कप स्वतःच्या हाताने फोडलास आणि सगळ्यांच्या कपात चहा प्यायलीस. मी चौदा वर्षांची होते. तुझ्यासारखी व्हायचं मी त्या दिवशी ठरवलं.

म्हणून तर जीव जळतो. आपल्यावर बोट दाखवतील, म्हणून आपण सोमारीवर दाखवायचं? तिच्या खाली कोणी नाही म्हणून ती गप्प बसेल, एवढंच ना?

मला वाचवायला तू हे केलंस, असं लिहितेस. मी मानते. पण कपाटातल्या डब्यांचं नाव त्या कागदात कुठे आहे? तीन अर्जांचं? दोन केसेसच्या निरोपाचं? मला वाचवता वाचवता तू आणखी कोणाला वाचवलंस, ते तू लिहिलं नाहीस.

जबाब सही न करता परत पाठवते आहे. फुली तशीच आहे.

मेळाव्यात डबे छान दिसत होते, असं लियाकतभाई म्हणाले. आता दोन्ही डबे मला पाठवलेस. आता! उघडले आणि तीन गावांत वाटले. प्रत्येक अंगणात आधी स्वतः पिऊन दाखवलं. इथे कोसमटोल्यात मात्र मी अजून उपकेंद्रातून गावात गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत नाही.

सत्यशीला

कोसमटोला
१ सप्टेंबर १९८६

ताई,

काल मी इथल्या गावात गेले.

सोमारीचा भाऊ तिला न्यायला येणार, असं दाईने सांगितलं. झिंगाबाई दाई, तुला माहीत आहे ती. म्हणाली, "पोरगी राती मायसाठी रडते, बाई. बुधू बी रडते, पर कागद आला म्हनते, आता काय करू." कागदाला एवढं भितात ही माणसं. वाघाला भीत नाहीत.

सकाळीच बुधू पाटलांकडे गेले आणि गाव गोळा करा म्हटलं. मोहाच्या झाडाखाली पंच बसले, बायका मागे. तुला वाटेल मी आवेशात गेले असेन. नाही.

म्हटलं, "झाडूले सोमारीनं नाई मारलं. म्या जसं सांगतलं तसं तिनं केलं. मिठाची कंजुषी करू नका मनलं होतं म्या, लाज काढली होती तुमची. किती टाकाचं ते नीट नाई दाखवलं, चाखून बी नाई दाखवलं. चुकी माही होय. कागदात लिवलं ते खोटं होय."

मला वाटलं अंगावर येतील. यायला हवे होते. बुधू बराच वेळ काठीने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "मंग त्या दिवशी काऊन नाई बोलली, बाई?"

"नोकरी जाईन मनून भेली."

"आमची सून महिनाभर कुरम्यात राह्यली. पान्यात."

"होय."

एवढंच. मी आणखी काही सांगू शकले असते. पाकिटांचं, तुझं, जीपचं. जिभेवर आलं होतं सगळं. पण त्या वेळी ते बोलले असते तर पुन्हा दुसऱ्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. ते सांगायची जागा वेगळी आहे.

झिंगाबाई सोमारीला घेऊन आली. ती लांबच उभी राहिली. एवढी वाळली आहे की मी ओळखलं नसतं. झिंगाबाईने तिला गोंडीत सगळं सांगितलं. सोमारी ऐकत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मग तिने एकच विचारलं, मराठीत, मला कळावं म्हणून.

"मंग किती टाकाचं होतं?"

कोणीतरी गडवा आणून दिला. मी मीठ कुटलं, तीन बोटांत धरलं, पाण्यात टाकलं, ढवळलं, आधी स्वतः प्यायले. मग गडवा हातात धरून उभी राहिले. पुढे करावा की नाही, कळेना. सोमारी चालत आली. सगळं गाव बघत होतं. तिने ओंजळ केली, मी ओतलं, ती प्यायली. तोंडात घोळवत राहिली, ती चव शोधत असल्यासारखी.

"इतकंच?" म्हणाली.

तिथेच खाली बसली आणि झाडू गेल्यापासून पहिल्यांदा रडली, असं झिंगाबाई म्हणते. मी काय करत होते ते लिहीत नाही.

बुधू उठले, सुनेजवळ गेले. "चाल व घरी," म्हणाले. मुलगी आधीच येऊन आईच्या लुगड्याला लटकली होती. मला जाताना म्हणाले, "गावात ये तू, बाई. नाई कोन मनते? पर आता तोंडानं सांगू नोको. हातानं करून दाखव." त्यांनी मला माफ केलं, असं समजू नकोस. माफी कोणी दिली नाही आणि मी मागितली नाही. त्यांना नर्स हवी आहे. दुसरी कोण येणार आहे या रानात?

ताई, आता तुझं.

आज सकाळी माझा जबाब मी रजिस्टर पोस्टाने वरच्या ऑफिसला पाठवला. तुझ्या डॉक्टरसाहेबांच्या हातून पाठवला असता तर तो तुझ्या कपाटात राहिला असता. त्यात माझी चूक पहिल्या पानावर आहे, पुरी दोन पानं. मी काय बोलले, काय गाळलं, का गाळलं, आणि तू सोमारीला दोष दिलास तेव्हा मी गप्प उभी राहिले, तेही. तिसऱ्या पानावर पाकिटं आहेत. अर्जांच्या तारखा आहेत. दोन केसेसचा निरोप आहे, आणि तो कोणी दिला त्या जागी तुझं नाव आहे. मनकर्णा, आरोग्य सहायिका. बहीण असं लिहिलेलं नाही, तिथे त्याची गरज नव्हती.

तुझं नाव लिहायला मला कालची सगळी दुपार लागली. एकदा गाळून पाहिलं. गाळलं की ते पान तू सोमारीवर लिहिलेल्या कागदासारखं वाचायला यायचं. बंटीचा विचार आला, आईचा आला. आई मला दारात उभी करणार नाही, माहीत आहे. तुझी चौकशी होईल. माझी नोकरी बहुधा जाईल. लोक जात काढतील, तू म्हणालीस तसंच. काढू देत. त्यांनी काढली तर आपण दोघी मिळून भांडू, तू बोलशील तेव्हा.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. पण रागाने तुझं नाव लिहिलेलं नाही. सोमारीचं नाव कागदावर चढलं तेव्हा तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. गावापुढे उभं करून वाचून दाखवलं. तुला मी आधी कळवते आहे.

तुझी धाकटी,
सत्यशीला